पाठीचा मधला भाग आणि बरगड्यांचं दुखणं: कायरोप्रॅक्टिकला जाण्याआधी नाशिककर विचारतात ते प्रश्न

व्हॉट्सॲपवर, फोनवर आणि क्लिनिकच्या बाकावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लिहिणारी फिजिओथेरपिस्ट आहे, कायरोप्रॅक्टर (हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करणारी, प्रश्न ५) नाही, हे धरूनच वाचा. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ३ वाचा आणि मग आपल्या कामाचा प्रश्न शोधा.

१. पाठ मध्यभागी दुखते आणि कळ पुढे छातीपर्यंत येते. दोन्हींचा संबंध काय?

मान संपते तिथून कंबर सुरू होईपर्यंत १२ मणके आहेत आणि प्रत्येकाला बरगड्यांची एक जोडी जोडलेली आहे. बहुतेक बरगड्या मणक्याला दोन ठिकाणी टेकतात, म्हणजे या पट्ट्यात लहान लहान सांध्यांची दाटी आहे. पुढच्या बाजूला वरच्या सात जोड्या कूर्चेने (मऊ, लवचीक हाडाने) थेट छातीच्या हाडाला मिळतात, आठवी ते दहावी वरच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन पुढे मोकळ्याच राहतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस पाठीकडून पुढे येते. त्यामुळे बिघाड मागच्या सांध्यात असला तरी कळ कुशीत किंवा छातीवर जाणवू शकते.

शिवाय या भागाला सुट्टी नसते. मिनिटाला १२ ते २० वेळा आपण श्वास घेतो आणि दर श्वासाला खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात. कंबर दुखली तर आडवं पडून तिला आराम देता येतो. बरगडीच्या सांध्याला तोही देता येत नाही.

२. शिंकलो आणि खांद्याच्या उजव्या फऱ्याखाली उसण भरली. मोठा श्वास घेता येत नाही. बरगडी चढली का?

बरगडी अशी जागा सोडून चढत नाही. तिला मागे घट्ट अस्थिबंध (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) आहेत. होतं असं की अचानक ताणाने सांधा चिडतो, भोवतीचे स्नायू आखडून त्याला धरून ठेवतात आणि श्वास अर्ध्यावर अडतो. दुखणं खरंच जबरदस्त असतं, माणूस पांढराफटक पडतो, पण बहुतेकांचं काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरतं. पहिले दोन दिवस शेक घ्या, घरातल्या घरात फिरा, सोसवेल तितका खोल श्वास घेत राहा. खोकताना-शिंकताना उशी छातीशी घट्ट धरली की कळ कमी लागते. पूर्ण झोपून राहू नका. ताप, दम, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल तर हा प्रश्न सोडा आणि पुढचा वाचा.

३. हे हार्टचं तर नाही ना? घरच्या घरी कसं ओळखायचं?

घरच्या घरी खात्रीने ओळखता येत नाही, हे आधी मान्य करू. सांध्या-स्नायूचं दुखणं बहुधा एका बोटाने दाखवता येतं, वळलं की वाढतं, कूस बदलली की बदलतं. हृदयाचं दुखणं दाखवताना माणूस अख्खा पंजा छातीवर ठेवतो. दाब, जडपणा, आवळल्यासारखं वाटणं, डाव्या हातात, जबड्यात किंवा दोन फऱ्यांच्या मध्ये जाणारी कळ, सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप. जिना चढताना सुरू होतं आणि थांबलं की ओसरतं, हेही हृदयाकडेच बोट दाखवतं. पण दाबल्यावर दुखतंय म्हणजे हृदयाचं नाही, असा उलटा अर्थ काढू नका. बायकांमध्ये, वयस्करांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती फारशी न दुखता नुसती धाप, थकवा किंवा पाठ भरून येणं एवढंच दिसू शकतं.

आणखी काही दुखणी अशी आहेत, जिथे कुठल्याही हाताच्या उपचाराचा विचारसुद्धा करायचा नाही. पाठीत अचानक काहीतरी फाटल्यासारखी कळ आली, तर ती मुख्य रक्तवाहिनीची असू शकते. ऑपरेशननंतर, प्लास्टर असताना किंवा लांबच्या प्रवासानंतर एका बाजूला टोचून दम लागला, तर फुप्फुसात गुठळी असू शकते. पाय लटके पडले, छातीखाली बधिर पट्टा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. या सगळ्यात १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी परतू नका. डॉक्टर थांबवून दुसरा काढतात, रक्त तपासतात, त्याला कारण असतं.

आमच्याकडे पाठ दाबून घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही कधीकधी हात न लावता कॅज्युअल्टीकडे पाठवतो. त्याचा राग येतो, तो येऊ दे.

४. घरचे म्हणतात पाठीत गॅस धरलाय. असं होतं का?

पोटातला वायू पाठीच्या स्नायूत जाऊन बसत नाही. पण पोटातल्या अवयवांचं दुखणं पाठीत उमटतं, हे खरं. तेलकट जेवणानंतर तासाभरात उजव्या बरगडीखाली आणि उजव्या फऱ्याशी कळ येत असेल तर पित्ताशयातले खडे आठवावेत. पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर जरा हलकी होणारी कळ स्वादुपिंडाची असू शकते. कुशीतून जांघेकडे उतरणारी आणि माणसाला एका जागी बसू न देणारी कळ मुतखड्याची. या तिन्हींमध्ये पाठ मोडून घेऊन फायदा नाही, सोनोग्राफी करा.

५. कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमकं काय? फिजिओथेरपीपेक्षा वेगळं कसं?

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली. बहुतेक आजारांचं मूळ जागचे हललेले मणके आहेत, अशी त्यांची धारणा होती. ती आज टिकत नाही, आणि अनेक कायरोप्रॅक्टरही ती मानत नाहीत. उरलं ते मुख्य तंत्र: सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन हाताने दिलेला लहान, वेगवान झटका. त्याला ते ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात, आम्ही ‘मॅनिप्युलेशन’. काहीजण हाताऐवजी स्प्रिंगचं छोटं यंत्र वापरतात, काही खटकन खाली बसणारं टेबल.

फिजिओथेरपिस्टही हे तंत्र शिकून वापरतात. फरक भर कशावर आहे याचा. आमच्याकडे झटका हा व्यायामापर्यंत पोहोचण्याचा एक रस्ता मानला जातो, अनेक कायरोप्रॅक्टिक केंद्रांत तोच मुख्य उपचार असतो. कंबरदुखीसाठी व्यायामाच्या जोडीला हाताचे उपचार चालतील, असं ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पाठीच्या मधल्या भागावर मात्र कंबरेच्या मानाने संशोधन बरंच कमी आहे. मला विचाराल तर साध्या, सांध्यातून आलेल्या दुखण्यात झटक्याने काही तास ते काही दिवस मोकळं वाटतं. त्या दिवसांत तुम्ही पाठ हलवायला लागलात तर पैसे सत्कारणी लागले.

६. ‘कट्ट’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं ना?

नाही. सांध्यातल्या द्रवावरचा दाब अचानक कमी होतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते, तो आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढताना ही पोकळी एमआरआयमध्ये टिपली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तोच सांधा लगेच पुन्हा वाजवता येत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. आवाज न येताही आराम पडतो, आणि आवाज येऊनही पडत नाही. रील्समध्ये माइक लावून जो कडकडाट ऐकवतात, त्यावरून उपचाराचा दर्जा ठरवू नका.

७. पहिल्या भेटीत काय काय होतं? कपडे काढावे लागतात का?

चांगल्या ठिकाणी पहिला बराच वेळ नुसते प्रश्न असतात: कधीपासून, रात्री उठवतं का, वजन उतरलंय का, कुठल्या गोळ्या चालू, कधी पडलात का. मग उभं करून, वळवून, हात वर करायला लावून बघतात. तपासणारा मणक्यांवरून अंगठा एकेक पायरी खाली नेत दाबत जातो आणि विचारतो, ‘हीच का ती कळ?’ मग श्वास घ्यायला सांगून दोन्ही तळहात बरगड्यांवर ठेवतो. दुखऱ्या बाजूची बरगडी श्वासाबरोबर कमी उचलली जाते, ते हाताला कळतं.

झटका द्यायचा ठरलाच तर दोन प्रकार जास्त दिसतात. एकात पालथं झोपवून श्वास सोडताना तळहाताने खाली दाबतात. दुसऱ्यात उताणं झोपवून हातांची घडी घालायला लावतात, पाठीखाली मूठ ठेवतात आणि वरून अंगाचा भार देतात. सुती टी-शर्टवर सगळं होतं. बायकांनी सोबत कुणाला तरी आत बसवायला सांगावं, तो तुमचा हक्क आहे. आणि ‘झटका नको’ म्हटलं तर हळुवार दाबाचे पर्याय असतात. तेवढं म्हणायचं धाडस होत नसेल अशा ठिकाणी जाऊच नका.

८. कॉलेज रोड, गंगापूर रोडला बऱ्याच पाट्या दिसतात. खरा माहीतगार कसा ओळखायचा?

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी डॉक्टरांसारखी किंवा परिचारिकांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून परदेशात चार-पाच वर्षं शिकून आलेला आणि चार दिवसांची कार्यशाळा करून आलेला, दोघांच्याही पाटीवर एकच शब्द असू शकतो. विचारायला लाजू नका: मूळ पदवी कोणती, कुठून, किती वर्षांची? फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. फिजिओथेरपीच्या पदव्या देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे, तेव्हा पदवी काय असते हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही.

माझी साधी कसोटी अशी: जो तुम्हाला हात लावण्याआधी नकार देण्याची कारणं शोधतो, तो बरा. जो दारातच ‘मणका सरकलाय’ म्हणतो, मधुमेह आणि दमाही बरा करतो म्हणतो, तिथून चप्पल घालून निघावं.

९. आधी एक्स-रे काढूनच जाऊ का?

तरुण, धडधाकट माणसाला, पडझड झालेली नसताना, पहिल्याच आठवड्यात त्याची गरज नसते. चाळिशीनंतरच्या बहुतेकांच्या एक्स-रेत झीज दिसतेच, दुखत असो वा नसो, आणि मग त्या कागदाचीच धास्ती बसते. पडला असाल, वय जास्त असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, कॅन्सर होऊन गेला असेल किंवा प्रश्न २२ मधलं काही असेल तर मात्र आधी तपासण्या, मग हात.

१०. वीस सीटिंगचं पॅकेज घ्यायला सांगतायत. घेऊ का?

नको. आधी पैसे भरले की बरं वाटलं तरी जावं लागतं आणि नाही वाटलं तरी. साध्या दुखण्यात तीन-चार भेटींत काहीतरी ठळक फरक पडायला हवा: श्वास खोल जाणं, कूस बदलता येणं, रात्री झोप लागणं. नाही पडला तर तेच पुढे रेटण्यापेक्षा निदानच पुन्हा तपासावं. ‘दुखत नसलं तरी दर महिन्याला मणके सेट करून घ्या’ हा सल्ला मी कुणाला देत नाही.

११. करून आलो, दुसऱ्या दिवशी पाठ आणखी ठणकतेय. काही बिघडलं का?

अंग दुखणं, जरा थकवा, क्वचित डोकं जड होणं हे बऱ्याच जणांना होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. शेक आणि फिरणं पुरे. पण झटका देतानाच टोचल्यासारखी तीव्र कळ आली आणि आता दर श्वासाला तीच जागा दुखतेय, तर बरगडीला तडा गेलेला असू शकतो. दम लागत असेल तर थांबू नका, फुप्फुसाबाहेर हवा गेली नाही ना ते लगेच बघावं लागतं. दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत, पण ठिसूळ हाडांवर जोर लावला की होतात. पायात मुंग्या, अशक्तपणा आला तर प्रश्न ३.

१२. गावाकडे पायाळू माणसाकडून उसण काढतात. तेही असंच काम करतं का?

निफाड-दिंडोरीकडच्या आज्यांचा हा हमखास उपाय. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने पाठीला पाय लावायचा, म्हणजे उसण उतरते. पायाळू असण्याचा आणि तुमच्या बरगडीचा काही संबंध नाही. पण उसण आपोआपही उतरते, शिवाय हलक्या दाबाने आखडलेला स्नायू सैल पडतो, त्यामुळे श्रेय पायाळूला मिळतं. नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही. लाथ मारणं, पाठीवर उभं राहणं मात्र नको. वजनावर कुणाचंच नियंत्रण राहत नाही, आणि घरात ज्यांना उसण भरते ते बहुतेक वयस्करच असतात (प्रश्न २०).

१३. द्राक्षबागेत डिपिंग-थिनिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या आणि विरळण्याच्या) दिवसांत दोन फऱ्यांच्या मध्ये आग होते. काम तर थांबवता येत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने आमच्याकडे हीच गर्दी असते. मांडवाखाली मान मागे टाकून, हात डोक्यावर धरून तासन्‌तास घड विरळायचे, म्हणजे फऱ्यांमधल्या स्नायूंना सुटकाच नाही. इथे झटक्यापेक्षा कामाची मांडणी बदलणं जास्त उपयोगी पडतं. मांडव उंच असेल तर पायाखाली क्रेट उलटा टाकून किंवा घट्ट पाट ठेवून उभं राहा, म्हणजे हात कपाळाच्या खाली येतील. ओळीच्या एकाच बाजूने सरकत जाऊ नका, दुसऱ्या ओळीत तोंड फिरवा. तासाभराने हात खाली सोडून स्वतःला मिठी मारा, दोन्हीकडे चार-चारदा वळा. मुकादमाला वाटतं वेळ गेला. दुपारनंतर हात किती चालतात ते त्याला मोजू द्या.

पाठीवरचा फवारणी पंप भरला की १६ लिटरचं पाणी म्हणजे १६ किलो, वर पंपाचं वजन. पट्टे ढिले ठेवले तर तो मागे ओढतो आणि सगळा भार वरच्या बरगड्यांवर येतो. पट्टे आखूड करा, पंप पाठीला चिकटू द्या.

ट्रॅक्टरवाल्यांचं दुखणं वेगळं आणि ते बहुधा एकाच बाजूला असतं. मागे जोडलेला फवारणीचा ब्लोअर चालू असताना माणूस दिवसभर त्याच खांद्यावरून मागे बघतो. विचारलं तर आठवत नाही, पण सीटवर बसवून ‘मागे बघा’ म्हटलं की मान आणि पाठ सवयीने एकाच बाजूला वळते. दुसऱ्या बाजूने बघायची सवय लावा, नाहीतर मोठा आरसा बसवा. त्याचा खर्च उपचारापेक्षा कमीच.

१४. ढोल पथकात आहे. गणपती जवळ आले की खालच्या बरगड्या दुखतात. ॲडजस्टमेंट करून वाजवू का?

ढोल पुढे लटकतो म्हणून पोरं कंबर पुढे काढून मागे रेलतात आणि ढोलाची कड खालच्या मोकळ्या बरगड्यांत रुतते. त्यात टिपरूचा हात वेगळा, थापीचा वेगळा, म्हणजे धड सतत एका बाजूला पिळलेलं. दोरी ओटीपोटावर खाली बांधा, कडेला जाड कापड गुंडाळा, सरावात दर फेरीनंतर ढोल सोडा. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच झटका घ्यायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशीचं ठणकणं (प्रश्न ११) नेमकं मिरवणुकीतच गाठेल.

१५. दिवसभर लॅपटॉप, शिवाय मुंबईला अपडाउन. मी काय करू?

एकच ‘बरोबर’ बैठक शोधत बसू नका, बैठक बदलत राहा. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत, कोपर टेकलेले, अर्ध्या तासाने उठणं. पंचवटी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी इगतपुरीपर्यंत झोपावं हवं तर, पण पुढचा घाट उभ्याने काढावा. बॅग एका खांद्यावर नको.

१६. घरी करता येतील असे व्यायाम सांगा.

चार पुरे, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी करून फऱ्यांच्या खाली आडवी ठेवा, गुडघे दुमडून उताणं झोपा आणि दोन्ही हात डोक्यामागे न्या. दुसरा: कुशीवर झोपून गुडघे पोटाशी, वरचा हात पुस्तकाचं पान उघडावं तसा मागे न्या, नजर हातामागे. तिसरा: मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर राहून मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, घाई न करता.

चौथा लोक हसण्यावारी नेतात, पण बरगडीच्या दुखण्यात तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओढणी किंवा उपरणं खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून पुढे टोकं धरा. नाकाने श्वास घेत ओढणीला बाजूंनी आणि पाठीकडून ढकला, सोडताना टोकं हलकेच ओढा. दुखऱ्या बाजूची ओढणी ढिलीच राहते, ते तुमचं तुम्हाला कळेल. ती बाजू भरायला शिकवायची. कळ वाढली आणि तासाभरात उतरली तर चालेल. रात्रभर राहिली तर निम्म्यावर या. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे व्यायाम विचारल्याशिवाय नकोत.

१७. बेल्ट लावू? गादी बदलू?

बरगडीचा बेल्ट नको, श्वास उथळ होतो. गादी खड्डा पडलेली असेल तरच बदला.

१८. छातीच्या हाडाच्या कडेला दाबलं की दुखतं. ईसीजी, टू-डी इको सगळं नॉर्मल आहे.

बरगडी आणि छातीचं हाड यांच्यामधली कूर्चा चिडली असण्याची शक्यता आहे. याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. जोरात खोकला येऊन गेल्यावर, अचानक जड उचलल्यावर, कधी काहीच कारण नसताना होतं. काही आठवडे, क्वचित महिने रेंगाळतं आणि उतरतं. दुखऱ्या जागी पुढून झटका देण्यात अर्थ नाही. मागचे सांधे हळुवार मोकळे केले तर काहींना आराम पडतो. त्याच जागी गाठीसारखी सूज दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

१९. खालची बरगडी ‘टिक’ करून सरकल्यासारखी वाटते. प्रश्न २ मध्ये तर म्हणालात बरगडी सरकत नाही!

बरोबर पकडलंत. प्रश्न २ मधलं उत्तर मागच्या सांध्याबद्दल होतं. पुढे आठवी ते दहावी बरगडी वरच्या कूर्चेला सैलसर जोडलेली असते. तो धागा ढिला पडला तर बरगडीचं टोक वरच्या बरगडीखाली जाऊन नसेला टोचतं. वाकताना, गाडीत बसताना टिक होतं आणि पोटाच्या वरच्या भागात दुखतं, म्हणून अशांची पोटाचीच तपासणी होत राहते. डॉक्टर बरगडीच्या कडेखाली बोटं अडकवून पुढे ओढतात, तेव्हा नेमकी ती कळ उठते. पाठीच्या झटक्याने हे बरं होत नाही.

२०. आई ७१ वर्षांची आहे. न्हाणीत घसरून बसली, तेव्हापासून पाठ दुखते. कायरोप्रॅक्टरकडे नेऊ?

नेऊ नका. मासिक पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, आणि नुसतं धपकन बसल्यानेही मणका चेपला जातो. कधी पडायचीही गरज नसते, पाण्याची बादली उचलली तरी होतं. पाठीत पोक आलंय, उंची कमी झालीय, साडीच्या निऱ्या आता जमिनीवर लोळतात, असं असेल तर संशय पक्का. दमा किंवा संधिवातासाठी बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्यांनाही हेच लागू. आधी एक्स-रे, मग हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि त्यावर औषध. अशा पाठीला झटका कुणीही देऊ नये, हाडवैद्याने नाही आणि आम्हीही नाही.

२१. गाडीवरून पडलो, बरगडीला तडा आहे म्हणाले. कधी मोकळी करून घेऊ?

तडा भरायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर वेदनाशामक वेळेवर घ्या, तासातासाला दहा खोल श्वास घ्या आणि कफ अडवू नका. श्वास चोरला की न्यूमोनिया होऊ शकतो, खरा धोका तो आहे. सुरुवातीच्या एक्स-रेत बारीक तडा अनेकदा दिसतही नाही. हाड जुळल्यानंतर भोवतालची पाठ आखडलेली राहिली तर तेव्हा हाताच्या उपचारांचं बोलू.

२२. रात्री झोपेतून उठवतं, संध्याकाळी बारीक ताप येतो. अंगात वात असेल का?

हे वातावर ढकलू नका. आडवं पडूनही न थांबणारं, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, मंदावलेली भूक. आपल्याकडे यात मणक्याचा टीबी आधी आठवावा लागतो, आणि पाठीचा मधला-खालचा भाग ही त्याची नेहमीची जागा आहे. खोकला असायलाच हवा असं नाही. टीबीने पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर पाय जाऊ शकतात. एमआरआय आणि गरज पडल्यास तिथला नमुना तपासून निदान होतं. औषधं बरेच महिने घ्यावी लागतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कॅन्सर पसरूनही असंच दुखतं, म्हणून ज्यांना तो होऊन गेलाय त्यांनी नवीन पाठदुखी आपल्या डॉक्टरांना आधी सांगावी.

२३. उलट माझी पाठ सकाळी आखडते आणि चालल्यावर मोकळी होते. वय २८.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो, आरामाने वाढतो आणि हालचालीने कमी होतो, तीन महिन्यांहून अधिक चाललंय. यातून मणक्यांचा दाहक संधिवात निघू शकतो. त्यात बरगड्यांचे सांधेही धरतात आणि छाती पूर्ण फुगत नाही. संधिवाततज्ज्ञांना भेटा. जुन्या आजारात मणके एकमेकांना जुळलेले असतात, तिथे झटका धोक्याचा.

२४. एका बाजूला पट्ट्यासारखी जळजळ होते, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. दाबून घेऊ?

आरशात बघा आणि चार-पाच दिवस बघत राहा. नागीण असेल तर पुरळ यायच्या आधीच आग सुरू होते. फोड दिसले की ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या, म्हणून मंत्र-लेपात वेळ घालवू नका.

२५. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. आणि सून सहा महिन्यांची गरोदर आहे, तिलाही बरगडीखाली दुखतं.

गोळ्या चालू असताना झटका टाळा. हलका दाब आणि व्यायाम चालतात. गरोदरपणात बरगड्या वर-बाहेर सरकतात, त्यामुळे दुखणं स्वाभाविक आहे. तिला पालथं झोपवू नये, कुशीवर हळुवार उपचार करता येतात. मात्र उजव्या बरगडीखाली दुखून सोबत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा अंगावर सूज असेल तर त्याच दिवशी रक्तदाब बघून घ्या.

२६. मुलगा नववीत आहे, पोक काढून बसतो. पाठ सरळ करून मिळेल का?

त्याला ‘ताठ हो’ म्हणा. झाला, तर सवय आहे, खेळू द्या. पोक तसंच राहिलं तर मणके वाढताना पाचरीसारखे झाले आहेत का ते एक्स-रेत बघावं लागतं. पुढे वाकवून मागून बघा: एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर पाठीला बाक आहे. दोन्हींत वाढीच्या वयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणं महत्त्वाचं. झटक्याने बाक जात नाही.

२७. पाठ दाखवायला गेलो तर म्हणाले मानही सेट करू. ती यूट्यूबवरची पट्टा लावून ओढायची पद्धतही करतात. हरकत नाही ना?

हरकत आहे. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून अर्धांगवायू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रमाण फार कमी असलं तरी तुमचं दुखणं फऱ्याखाली असताना तो धोका घ्यायचं कारणच काय? हनुवटीखाली पट्टा अडकवून ओढणं तर व्हिडिओला शोभतं, पाठीच्या मधल्या सांध्यांना त्याने काही होत नाही. टेबलवर आडवं व्हायच्या आधीच सांगा, ‘मानेला हात लावायचा नाही.’ मान्य नसेल तर फी भरण्याआधीच उठून या.